पीएफ उचलणाऱ्यांचा युक्तिवाद

पिरंगुट-घोटावड्याकडच्या कारखान्यांत कंत्राट संपले की पुढच्या कामाआधी विचारणा होते ती 'पीएफ कधी निघंल?' याची. हिंजवडीतला इंजिनिअर हेच जरा सफाईने करतो, मोबाइलवर फॉर्म भरून. मुळशी तालुक्याच्या या दोन टोकांचा युक्तिवाद एकच: पैसा आपला, आज हातात आलेला बरा, साठीनंतरचे कोणी पाहिलेय?

यावर शहाणी माणसे कराची भीती घालतात. पाच वर्षांच्या आत काढलेला पीएफ करपात्र ठरतो आणि रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असेल तर 10 टक्के टीडीएस कापतात, हे खरेच. पण पंधरा हजार पगाराच्या कामगाराला हे सांगून घाबरवणे लबाडीचे आहे. त्याचे उत्पन्न मुळात कराच्या मर्यादेखाली. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो.

त्याचे नुकसान वेगळेच आहे. पंधरा हजारांवर त्याचे 1,800 कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. मात्र मालकाच्या वाट्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात, पीएफमध्ये उरतात 550. म्हणजे खात्यात महिन्याला 2,350. दोन वर्षांत व्याजासह साठेक हजार. 2024-25 चा 8.25 टक्के व्याजदर कायम धरला तर हेच साठ हजार तीस वर्षांत साडेसहा लाखांच्या घरात जातात. 'तेव्हा साडेसहा लाखांना कोण विचारणार?' असे म्हणणाऱ्याने उचललेले साठ हजार कुठे ठेवले ते सांगावे. बहुधा दुचाकीत.

त्याहून वाईट गोष्ट पेन्शनची. महिन्याची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. दर दोन वर्षांनी पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढणारा दरवेळी शून्यावर येतो. पाच कंत्राटदार झाले तरी खाते एकाच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर, पुढे नेले, तर ती दहा वर्षे जुळतात. कराची पाच वर्षेही याच रीतीने जुळतात.

इंजिनिअर महाशयांचा मुद्दा निराळा: नव्या करप्रणालीत 80सी नाही, मग पीएफ हवाच कशाला? गेली ती फक्त स्वतःच्या वर्गणीवरची वजावट. मालकाच्या बारा टक्क्यांवर आजही कर नाही, वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या स्वतःच्या वर्गणीचे व्याज करमुक्त, पाच वर्षांनंतर काढलेली रक्कमही करमुक्त. तीन वर्षांत खाते रिकामे केले, तर मालकाचा वाटा आणि त्यावरचे व्याज पगारात धरतात, स्वतःच्या वाट्याचे व्याज इतर उत्पन्नात. तीस टक्क्यांच्या गटातल्या माणसाला कराची भीती दाखवली तर ती खोटी नाही. नोकरी सोडून खाते तसेच पडू देणेही शहाणपणाचे नव्हे. त्यानंतरचे व्याज करपात्र असते.

'जमीन हीच आमची पेन्शन' हे मुळशीत अजून अभिमानाने म्हणतात. ज्या तालुक्याची भातखाचरे टाटांच्या धरणाखाली गेली, 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढूनही वाचली नाहीत, आणि उरलेल्यांपैकी किती तरी गुंठ्या-गुंठ्यांनी विकली गेली, तिथे तरी हे म्हणताना सातबारा एकदा काढून पाहावा.

राहिला एक आक्षेप, आणि तो रास्त आहे: पीएफबरोबरची ही पेन्शन तुटपुंजी आहे. 2014 साली 15,000 ची वेतनमर्यादा ठरली, किमान पेन्शन 1,000. त्या मर्यादेवर पस्तीस वर्षे राबलेल्याला सूत्राने मिळतात 7,500. एवढ्यात म्हातारपण काढा म्हणणे निर्दयपणाचे आहे आणि त्याचा जाब दिल्लीला विचारलाच पाहिजे. मात्र ज्याची दहा वर्षे भरलेली नाहीत त्याला तो हजारही मिळत नाही, आणि उद्या रक्कम वाढली तर त्या वाढीतही त्याचा वाटा नाही.