बाग कुणाच्या बापाची?



मुंबईच्या फोर्टात, टाऊन हॉलच्या पायऱ्यांसमोर एक गोल बाग आहे. हॉर्निमन सर्कल. भोवती बँका, पेढ्या, दगडी कमानी. मधे झाडं आणि लोखंडी कठडा. गावोगाव आमची माणसं मारली जाताना तुम्हाला बागा कसल्या सुचतात, असं कुणी विचारील. मी म्हणतो, सावलीचाही हिशेब मागितला पाहिजे.

कंपनी सरकारच्या काळात इथं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. कापसाच्या गासड्या तिथं रचल्या जात. 1872 च्या सुमाराला सर्कल पुरं झालं आणि त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव लागलं. गासड्या वाहणाऱ्या हमालाचं नाव कुठंच लागलं नाही. स्वातंत्र्यानंतर पाटी बदलली. आता नाव बेंजामिन हॉर्निमनचं, 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या संपादकाचं. रौलट कायद्याविरुद्ध, पंजाबातल्या दडपशाहीविरुद्ध लिहिलं म्हणून सरकारनं 1919 साली त्याला बोटीत घालून देशाबाहेर काढलं. 1926 ला तो परत आला. हाकललेल्या माणसाचं नाव दिलंत, चांगलं केलंत. मग त्याच्या नावाच्या जागेतून कुणाला हाकलायचं नाही, एवढं तरी पाळाल?

बागेची किंमत आम्हाला विचारा. 1917 साली बडोद्यात लाठ्या घेतलेल्या जमावानं बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि अख्ख्या शहरात एक खोली मिळेना. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते कामाठी बागेत बसून होते. अठरा वर्षांनीही तो जमाव आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. शहरानं दारं लावली, बागेनं जात विचारली नाही. सार्वजनिक म्हणजे हे!

हा शब्द आम्हाला कुणी बक्षीस दिलेला नाही. 1923 ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले. कागदावर. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो तेव्हा आमची डोकी फुटली. त्यानंतर कुठं घटनेत कलम 15 आलं : विहिरी, तळी, रस्ते, सार्वजनिक जागा, कुठंही जातीवरून आडकाठी नाही.

आता फाटकावर जात विचारत नाहीत. कपडे बघतात. 1959 ला मुंबई भीक प्रतिबंधक कायदा केला. पोटाचं साधन दिसत नाही, सार्वजनिक जागी रेंगाळतोय, भिकेवर जगत असेल असं वाटलं, की वॉरंटशिवाय उचला. हात पुढं केलेला असो वा नसो. सुटाबुटातला बाकावर पेंगला तर साहेब दमले. नाक्यावरचा पेंगला तर 'ए, ऊठ!' कित्येक बागांत बाकाच्या मधोमध दांडा ठोकलाय. तो कशासाठी, हे फुटपाथवर झोपणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि हॉर्निमनच्या बागेत रात्री तिकिटाचे जलसे झालेत. पैसा आला की फाटकाचं घड्याळ बंद पडतं!

आमची मागणी साधी आहे. भर दुपारी फाटक उघडं. आत प्यायला पाणी. मुतारी, बायांसाठीही. आडवं होता येईल असा बाक. दोस्तहो, आपापल्या गावातल्या बागांच्या पाट्या वाचा, वेळा उतरून घ्या, कुणाला उठवलं ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात सगळं छापू.

जय भीम!