नोटिशीवरील सही

पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या देशांच्या चित्रपटांनी रंगविलेल्या दुःस्वप्नवत् भविष्यकाळाची चर्चा आपल्या व्यवसायात निघाली, की ती बहुधा संगणकीय दृश्यांच्या खर्चापाशी अडते, आणि तेवढी रक्कम आपल्या निर्मात्याच्या आवाक्याबाहेरची आहे असा निर्वाळा देऊन मंडळी उठतात. आम्हांस तो मान्य नाही. कारण या चित्रपटांतील भयाचे उगमस्थान यंत्रांत नसून दफ्तरात आहे.

नील ब्लोमकॅम्प यांचा २००९ सालचा ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ घ्या. जोहान्सबर्गवर येऊन थबकलेल्या यानातील परग्रहवासीयांची जी झोपडपट्टी झाली आहे, तीत विकस नावाचा हसतमुख कारकून हद्दपारीच्या नोटिसा घेऊन दारोदार फिरतो, आणि बंदूकधारी शिपाई पाठीशी उभे असतानाही प्रत्येकाकडे रीतसर सही मागतो; एक जण संतापून कागदाला फटका मारतो, तेव्हा तेवढी खूणही सहीच्या जागी जमा धरली जाते. १९६६ साली केप टाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग समूहक्षेत्र कायद्यान्वये केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवून जेथून पुढे साठ हजारांवर रहिवासी उठविले गेले, त्या मुलखातल्या लेखकालाच ही सही सुचावी. चित्रीकरणही सोवेटोतील चियावेलो येथील खऱ्या वस्तीत झाले. मात्र याच चित्रपटात नायजेरियन माणसे परग्रहवासीयांचे मांस खाणारे गुंड म्हणून यावीत, हा त्यावरील डाग आहे, आणि नायजेरियाच्या सरकारने त्याविरुद्ध तक्रार केली ती यथायोग्यच होती.

२००९ सालचीच, केनियाच्या वनुरी कहीऊ यांची ‘पुम्झी’ अवघी एकवीस मिनिटांची आहे. पाण्यासाठी झालेल्या महायुद्धानंतर बंदिस्त वसाहतीत पाणी मोजून मिळते, वीज माणसांच्या व्यायामातून निघते आणि झाडाचे स्वप्न पडले तर ते दडपण्याचे औषध घ्यावे लागते. अशा ठिकाणी आशा नावाची संग्रहालयाधिकारी, एका निनावी डबीतल्या मातीत बी रुजलेले पाहून, बाहेर जाण्याचा परवाना मागते. तो नाकारला जातो, आणि तोही आरडाओरड न करता, यंत्राच्या सपाट आवाजात. ध्वनिसंयोजकांनी हा प्रसंग अवश्य पाहावा. पार्श्वसंगीताच्या भडिमाराने जी दहशत आपल्याकडे साधत नाही, ती येथे एका नकाराने साधली आहे. आणि कलादिग्दर्शकांस आमची विनंती एवढीच, की पुढील भविष्यपटासाठी अंतराळयानाचा आराखडा काढण्यापूर्वी त्यांनी एखाद्या तहसील कचेरीत अर्धा दिवस बसून अर्जांचे नमुने, शिक्के आणि खिडकीची उंची टिपून आणावी.