टेन्शनरची खडखड आणि मजुरीची घासाघीस

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध घालणारा गवळी, गावोगाव फिरणारा कापडाचा फेरीवाला, विमा एजंट, घरोघरी पार्सल पोचविणारा तरुण, या सर्वांचे पोट तिच्यावर चालते. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर दुरुस्तीचे पैसे तर जातातच, शिवाय त्या दिवसाची कमाईही बुडते. म्हणूनच इंजिनातून 'खडखड' असा आवाज येऊ लागला की अशा माणसाच्या छातीत धस्स होते. गॅरेजवाल्याने 'टायमिंग चेन गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल' असे सांगितले की तो मुकाट्याने मान हलवतो. त्या आवाजाचा अर्थ त्याला कळत नाही आणि विचारावे कसे हेही कळत नाही.

वास्तविक अनेकदा दोष चेनचा नसतो. तो तिला ताणून धरणाऱ्या एका बोटभर लांबीच्या भागाचा, म्हणजे टेन्शनरचा असतो. काही शे रुपयांच्या या वस्तूमुळे गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यातील विश्वास कसा सैल झाला आहे, याचा विचार आज करायचा आहे.

चेन आली कोठून?

आपल्याकडे एकेकाळी राजदूत, येझदी, आर. एक्स. 100 अशा टू-स्ट्रोक गाड्यांचा जमाना होता. या इंजिनांना कॅमवर चालणारे व्हॉल्व्हच नव्हते, त्यामुळे टायमिंग चेनचा प्रश्नच नव्हता. बुलेट फोर-स्ट्रोक होती खरी, पण तिचे व्हॉल्व्ह गिअर आणि पुशरॉडवर चालत. 1985 साली हिरो होंडाची सी. डी. 100 आली आणि कॅमशाफ्ट इंजिनाच्या हेडमध्ये असलेली गाडी सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. 1994 मध्ये स्प्लेंडर आली, 2001 मध्ये पल्सर आली. पुढे नव्या इंजिनाची बुलेट 2023 साली बाजारात आली तेव्हा तीही चेनवालीच झाली. म्हणजे आज रस्त्यावरच्या पेट्रोल मोटारसायकलींपैकी जवळजवळ प्रत्येकीच्या पोटात ही चेन फिरते आहे.

तिचे काम सोपे पण नाजूक आहे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा आणि व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडायला व बंद व्हायला हवेत. हा ताळमेळ चेन राखते. हजारो किलोमीटर धावल्यावर तिच्या पिना आणि बुश झिजतात आणि ती लांब होते. 'चेन ताणली' असे आपण म्हणतो, ती खरे पाहता झिजलेली असते. हा ढिलेपणा भरून काढण्यासाठी टेन्शनर असतो. स्प्रिंगच्या जोराने त्याचा दांडा पुढे सरकतो, चेनच्या पट्टीला दाबतो आणि मागे हटत नाही. जुने, घाण झालेले तेल इंजिनात राहिले की त्या दांड्यात गाळ बसतो, तो अडकतो किंवा आतली स्प्रिंग दमते. मग चेन सैल होऊन आपटू लागते.

एक कबुली

प्रस्तुत लेखकाच्या दीडशे सी.सी. गाडीला काही वर्षांपूर्वी असाच आवाज येऊ लागला. सकाळी गाडी थंड असताना जास्त, गरम झाल्यावर थोडा कमी. एका गॅरेजमध्ये लगेच चेनचा पूर्ण सेट आणि हेड खोलण्याचा हिशेब सांगण्यात आला. दुसऱ्या एका वयस्क उस्तादांनी आधी तेलाची पातळी पाहिली. मग लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली आणि ते दोन मिनिटे ऐकत राहिले. त्यांनी टेन्शनर काढला, अडकलेला दांडा पेट्रोलने धुऊन मोकळा केला, नवे पॅकिंग घालून बसवला. आवाज गेला.

उस्तादांनी मजुरी सांगितली आणि मी ती कमी करायला लावली. 'काय केले हो तुम्ही? दोन बोल्ट काढले आणि लावले!' हे माझेच शब्द. ज्याने माझे हजारो रुपये वाचवले, त्याच्याशी मी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घातली. पहिल्या गॅरेजमध्ये मी सेटच्या किमतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, कारण 'सामान तर लागणारच' हे मला पटले होते.

या रोगाचे मूळ नेमके येथे आहे. आपण वस्तूचे पैसे निमूटपणे देतो आणि अकलेचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग मिस्त्री काय करील? त्यालाही दुकानाचे भाडे आहे, मुलांची फी आहे. तपासणीचे पैसे मिळत नाहीत म्हणून तो ते सुट्या भागांच्या बिलात लपवतो. जो भाग बदलण्याची गरज नव्हती तो बदलतो. ही लबाडीच आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. पण ही लबाडी शिकवणारी शाळा आपणच चालवतो, हेही मान्य केले पाहिजे.

स्वतः एकदा करून पाहा

यावर माझा उपाय काहींना उलटा वाटेल. गाडीवाल्याने टेन्शनरचे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने, घराच्या अंगणात करून पाहावे. मिस्त्रीचे पैसे वाचविणे हा त्यामागचा हेतू नाही. त्याच्या कामाची किंमत आपल्याला कळावी, हा आहे.

ज्या गाड्यांत टेन्शनर बोअरच्या मागे बाहेरून दोन बोल्टांनी बसवलेला असतो, त्यांत हे काम घरी होऊ शकते. इंजिन पूर्ण थंड असावे. आधी तेलाची पातळी पाहावी आणि टॅपेटचे अंतर योग्य आहे ना याची खात्री करावी. कारण टॅपेटची टकटक आणि चेनची खडखड यांत पुष्कळांची गल्लत होते. मग प्लग काढावा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे फिरवावे आणि मॅग्नेटवरची 'टी' खूण खिडकीच्या खुणेसमोर आणावी. या वेळी दोन्ही टॅपेटना किंचित हालचाल असली पाहिजे. नसेल तर इंजिन आणखी एक फेरा पुढे न्यावे.

आता टेन्शनरच्या मधला छोटा बोल्ट काढावा. आत पेचकसाची खाच दिसते. बारीक पेचकसाने ती फिरवली की दांडा आत ओढला जातो. बहुतेक गाड्यांत ही खाच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. पत्र्याचा छोटा तुकडा कापून खाचेत अडकवला की दांडा आतच थांबतो. त्यानंतरच बाजूचे दोन बोल्ट सोडावेत.

येथे नवशिक्याचा घात होतो तो असा. दांडा आत न घेता बोल्ट सैल केले की दांडा मोकळा होऊन आणखी पुढे सरकतो. तो तसाच ठेवून बोल्ट पुन्हा आवळले तर चेन प्रमाणाबाहेर ताणली जाते, पट्टी मोडते किंवा बोल्टचे आटे जातात. दुसरी गोष्ट, टेन्शनर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवू नये, किक तर चुकूनही मारू नये. सैल चेन दात्यावरून एक घर सरकली तर टायमिंग बिघडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. मग काही शे रुपयांच्या कामाचे हेडच्या कामात रूपांतर होते.

काढलेला टेन्शनर पेट्रोलने स्वच्छ करून वाळवावा. मोकळा सोडल्यावर दांडा न अडखळता बाहेर आला पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर आत जाता कामा नये. यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवा, खात्रीचा टेन्शनर आणावा. जुने पॅकिंग खरवडून नवे घालावे. दांडा आत ठेवूनच टेन्शनर बसवावा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळावेत, जोर लावू नये. ॲल्युमिनियमचे आटे नाजूक असतात. मग पत्रा काढून दांडा सोडावा, मधला बोल्ट लावावा. चाक पुन्हा हाताने पुढे फिरवून इंजिनाचे दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना होतात का पाहावे. कोठेही अडले तर तेथेच थांबावे. सगळे ठीक असेल तरच प्लग लावून गाडी चालू करावी.

स्प्लेंडरसारख्या आडव्या बोअरच्या इंजिनात रचना वेगळी आहे. तेथे स्प्रिंग आणि दांडा खालच्या बोल्टमागे असतात. बोल्ट काढला की तेल येते, म्हणून तेल बदलण्याच्या वेळीच ते पाहणे सोयीचे.

आपली हद्द ओळखावी

टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला असूनही आवाज येत असेल, तर चेनच संपली आहे असे समजावे. तेथे घरगुती कारागिरी थांबली पाहिजे. मॅग्नेटची बाजू आणि हेड खोलणे हे गॅरेजचे काम आहे आणि त्या वेळी 'सेट टाका' हा सल्ला खरा असतो. काही जण मात्र स्प्रिंगमागे वॉशर घालून किंवा जाड तेल ओतून आवाज तात्पुरता दाबतात आणि गाडी विकून मोकळे होतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रकार राजरोस चालतो. घेणारा बहुधा कमी ऐपतीचा असतो. चार महिन्यांनी चेन सरकली की त्याचे इंजिनही जाते आणि रोजगारही. दोष झाकून माल विकणे ही फसवणूकच आहे, मग ती गॅरेजवाल्याने केलेली असो वा आपल्यासारख्या मालकाने.

मिस्त्री बंधूंना दोन शब्द

'गिऱ्हाईकच घरी काम करू लागला तर आम्ही खायचे काय?' असा प्रश्न काही मिस्त्री विचारतील. अनुभव असा की ज्याने एकदा टेन्शनर काढण्यात रविवारची अर्धी दुपार घालवली, तो पुढच्या वेळी गॅरेजमध्येच येतो आणि मजुरीवरून वाद घालत नाही. खाच शोधताना घाम फुटणे म्हणजे काय आणि बोल्ट किती आवळावा हे हाताला कसे कळावे लागते, हे त्याला ठाऊक झालेले असते.

म्हणून गॅरेजमध्ये ठळक अक्षरांत पाटी असावी: तपासणीची मजुरी इतकी, कामाची मजुरी इतकी. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा आणि तो का बदलला हे दोन वाक्यांत सांगावे. हाताखालच्या पोरालाही भाग बदलण्याआधी आवाज ओळखायला शिकवावे. आज विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आल्या आहेत. त्यांना ना टायमिंग चेन, ना टॅपेट, ना इंजिनाचे तेल. ज्याची कमाई केवळ सेट टाकण्यावर उभी आहे, त्याचा धंदा या गाड्यांबरोबर आटत जाईल. ज्याला दोष शोधता येतो आणि ज्याच्या शब्दावर मोहल्ल्याचा विश्वास आहे, त्याच्याकडे लोक कोणतीही गाडी घेऊन येतील.

त्या वयस्क उस्तादांकडे मी पुढेही जात राहिलो. स्वतः एकदा टेन्शनर काढून बसवल्यानंतर गेलो तेव्हा राहिलेले पन्नास रुपये त्यांच्यापुढे ठेवले. ते हसले आणि म्हणाले, 'राहू द्या, तुम्ही शिकलात ना!' मी ते ठेवूनच आलो. ती रक्कम त्यांचीच होती, उशिरा पोचली इतकेच.