परमुलखातील पीठ, घरचे खमीर

उदरनिर्वाहासाठी घरदार सोडावे लागणे हे आजकालचे दुःख नव्हे. पवित्र शास्त्रातील रूथचा ग्रंथ उघडला की, आरंभीच एक कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबाच्या परक्या मुलखात निघालेले दिसते. हिब्रू भाषेत बेथलेहेम या नावाचा अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा आहे. त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडला, म्हणून अलीमलेख व नामी यांना आपल्या दोन मुलांसह दुसऱ्याच्या देशात भाकरी शोधावी लागली. गोव्यातील, बेळगाव-खानापूरकडील अथवा वसईकडील ज्या ज्या ख्रिस्ती घरातील कोणी ना कोणी आज आखातात आहे, त्या घराला ही कथा वेगळी समजावून सांगावयास नको.

कुवेतचेच उदाहरण घेऊ. तेथून तेलाची निर्यात १९४६ साली सुरू झाली आणि पुढील दशकांत गोव्याकडील व पश्चिम किनाऱ्यावरील पुष्कळ कॅथॉलिक लोकांनी तिकडची वाट धरली. कुवेत शहरात १९६१ पासून उभे असलेले कॅथीड्रल पवित्र कुटुंबाच्या नावाचे आहे. येशू, मरिया व योसेफ यांनीही काही काळ मिसर देशात परके म्हणून दिवस काढले, हे ध्यानी घेता परदेशस्थांच्या मंदिराला याहून उचित नाव शोधून सापडले नसते. तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. रविवारी कचेऱ्या व शाळा चालू असतात. त्यामुळे पुष्कळ कुटुंबे शुक्रवारीच मिस्साबलीस जातात. नाताळच्या दिवशीही सरकारी सुट्टी नसते. ज्याला रजा मिळाली नाही, त्याला २५ डिसेंबरच्या सकाळी नेहमीप्रमाणे कामावर हजर व्हावे लागते.

अशा घरांतील माताभगिनी सुट्टीवर इकडे आल्या म्हणजे आम्हांला एक प्रश्न हटकून विचारतात. नोकरी सांभाळून, दवाखान्यातील रात्रपाळ्या करून, घरी पुन्हा बाथ, बिबिंक, केक भाजीत बसण्यात काही अर्थ आहे काय? दुकानांत सर्व काही तयार मिळते. मुलांना आयात केलेला चॉकलेटचा केक अधिक आवडतो. यजमान म्हणतात, कशाला एवढी दगदग? प्रश्न वरवर केकचा दिसतो. वस्तुतः तो केकचा नाही. थकून गेलेली एक माता विचारीत असते, की आपल्या या श्रमांची घरात कोणाला किंमत आहे काय. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही घाईने देऊ इच्छीत नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे, की मायभूमीत हे काम कधीच एकट्या बाईचे नव्हते. गोव्यात रोजचा पाव घरोघरी भाजण्याची चालच नव्हती. पोदेर आपल्या भट्टीत तो भाजी आणि पहाटे भोंगा वाजवीत दारोदार पोहोचता करी. त्याच्या पिठाला फुगवणारे खमीर म्हणजे माडाची सूर. ती रेंदेराने माडावर चढून काढलेली असे. नाताळच्या आधी नारळ खवण्यास सासू, जाऊ, नणंद, शेजारीण अशा चौघीजणी बसत. पोरे नेवऱ्यांच्या कडा कातरीत आणि कुलकुल काट्याच्या पाठीवर वळीत. मग झाकलेली ताटे या घरातून त्या घरात जात. एका वाक्यात सांगावयाचे, तर तो सारा फराळ गावाने मिळून केलेला असे.

परदेशात गाव मागे राहतो आणि गावाचे सगळे काम मात्र त्या बाईबरोबर विमानात बसून जाते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पोदेरही तीच, खवणीवर बसलेली शेजारीणही तीच आणि ताटे वाटणारी पोरगीही तीच! तेव्हा ती थकते, यात नवल ते काय? दोष तिच्या हौसेचा नाही, की तिच्या अशक्तपणाचाही नाही. एका माणसाने गाव होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय एकच. त्या बिऱ्हाडातील सर्व माणसांनी मिळून गाव व्हावे. हे जेथे होते, तेथे घरचे भाजणे कुटुंबाला बळ देते; जेथे होत नाही, तेथे ते मातेच्या डोईवरचे आणखी एक ओझे ठरते. अशा ठिकाणी तिने खुशाल केक विकत आणावा. त्यात धर्माची काही हानी नाही, असे आम्ही निःशंकपणे सांगतो.

आता सर्वांनी मिळून करावयाचे म्हणजे काय, ते बिबिंकवरून पाहावे. २०२३ साली गोव्याच्या बिबिंकला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक झाले. पण त्यातील खरे कौतुक मानांकनाचे नाही, प्रतीक्षेचे आहे. नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, थोडे पीठ व जायफळ यांचे पातळ मिश्रण करून त्याचा एकेक थर वरून लागणाऱ्या आचेवर भाजावयाचा. एक थर तांबूस झाला की, त्यावर तूप घालून दुसरा ओतावयाचा. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणाचे निखारे घालीत. आता ओव्हनची वरची आच लावतात. रूढ संख्या सात थरांची. प्रत्येक थराला पाव तास धरला, तरी पावणेदोन तास होतात, आणि तेवढा वेळ कोणा ना कोणाला ओव्हनपाशी थांबावेच लागते. हा वेळ फुकट गेला, असे हिशेबी मनुष्य म्हणेल. आम्ही म्हणतो, परदेशस्थ कुटुंबाला सर्वांत दुर्मीळ अशी जी वस्तू, म्हणजे एकत्र बसण्याचा वेळ, ती बिबिंकने त्यांना फुकट मिळवून दिली. पहिल्या पाच थरांना जपमाळेची पाच रहस्ये म्हणावीत. उरलेल्या दोन थरांना गप्पा माराव्यात. मोबाइल संच तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत राहू द्यावेत.

यात वडिलांचा व मुलग्यांचा वाटा कोणता? अंडी फेटण्यास व पीठ मळण्यास जोर लागतो. देवाने तो पुरुषांना काही केवळ कचेरीतील खुर्चीत बसण्यासाठी दिलेला नाही. तिबिर्या समुद्राच्या काठी पुनरुत्थित प्रभूने स्वतः कोळशाचा विस्तव पेटवून शिष्यांसाठी मासळी व भाकरी तयार ठेवली होती, हे संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात लिहिलेले आहे. प्रभूने जे केले, ते करण्यात कोणा गृहस्थाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मुलांना यातून आणखी एक लाभ करून देता येतो. तेथे त्यांचे सर्व शिक्षण इंग्रजीत होते आणि मराठी घरातल्या घरात बोलण्यापुरती उरते. लिहिण्यावाचण्याची तर गोष्टच नको. आजीच्या पाककृतीत 'मूठभर', 'अंदाजाने', 'हाताला कळेल इतके' अशी मापे असतात. मुलाने आजीला फोन लावावा, एकेक माप नीट विचारून घ्यावे आणि ते देवनागरीत वहीत उतरवावे. मूठ म्हणजे किती, हे सांगताना आजी त्या वर्षीच्या पावसाची, गेलेल्या आजोबांची आणि सणाच्या सकाळच्या धांदलीची हकिगतही सांगेल. वही पाककृतींची राहील आणि तिच्यात घराण्याचा इतिहास येईल.

काही व्यावहारिक गोष्टी येथेच सांगतो, कारण केवळ उपदेशाने पीठ फुगत नाही. कुवेतमध्ये मद्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा केकमधील मनुका व सुका मेवा रममध्ये भिजविण्याचा विचारही करू नये. ज्या देशाचे अन्न खावे, त्याचा कायदा पाळावा. संत्र्याच्या अथवा द्राक्षांच्या रसात मेवा उत्तम भिजतो. मात्र तो रममधल्यासारखा महिनोन्महिने टिकत नाही. शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत वापरावा. बाथसाठी वाळवलेल्या खोबऱ्याचा कीस वापरावा लागला, तर तो आधी कोमट दुधात भिजवून मऊ करावा. रवा फुगण्यासाठी बाथचे मिश्रण रात्रभर मुरू द्यावे, पण उन्हाळ्यात तेही शीतकपाटातच. बाहेर ४५ अंशांहून अधिक उष्मा आणि आत वातानुकूल यंत्र, अशा घरात पावाचे पीठ खिडकीपाशी भराभर चढते व यंत्राखाली सुस्त पडते; म्हणून घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. ते आकाराने दुप्पट झाले, की झाले. यीस्ट कढत पाण्यात मरते; पाणी कोमटच हवे.

काही भगिनी घरी केक करून विकतात. त्या देशाचा कायदा अनुकूल असेल, तर त्यात गैर काहीच नाही. प्रामाणिक श्रमाचा पैसा पवित्र आहे. फक्त एवढेच, की परक्यांच्या मागण्या पुऱ्या करता करता स्वतःच्या लेकरांना उरलेले कडेचे तुकडे तेवढे मिळावेत, असे होऊ देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाव म्हणजे केवळ मिळून काम करणे नव्हे. गाव म्हणजे झाकलेले ताट शेजारच्या दारी नेणे. आखातातील आपले बहुसंख्य बांधव कुटुंबाशिवाय राहतात. पाचसहा जणांच्या खोलीत त्यांना स्वतःचा पलंग तेवढा असतो, ओव्हन कोठला? १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात अशाच कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मजूर मृत्युमुखी पडले. ही माणसे कोणाच्या ना कोणाच्या शेजारीच राहत होती. परक्यांच्या घरी राबणाऱ्या मोलकरणी आहेत. त्यांना सणासुदीला मोकळा तास मिळेलच, याचीही शाश्वती नाही. ज्या कुटुंबाला देवाने परदेशात आपले छप्पर, आपली माणसे आणि आपला ओव्हन दिला, त्याने भाजलेल्या पहिल्या वडीवर या एकाकी लोकांचा हक्क आहे, असे आम्ही मानतो. सारफथ येथील विधवेने मूठभर पिठातून आधी परदेशी एलियाला भाकर करून दिली आणि मगच आपल्या मुलाला. तिच्या मडक्यातील पीठ सरले नाही.

इकडील वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द. मुलगा वा सून सुट्टी संपवून निघताना तुम्ही त्यांच्या पेटीत बिबिंकचा डबा भरून देता, हे फार चांगले करता. परंतु डबा चार दिवसांत संपतो. त्याबरोबर कृतीही द्या. आणि सुनेने तिकडे केलेल्या बाथचे छायाचित्र आले, तर रंग फिका झाला, असे लिहू नका. कोणत्या वेळी, किती थकव्यानंतर तो भाजला आहे, हे छायाचित्रात दिसत नसते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा तेथील भारतीयांना घरे, बँकेतील पैसा, सामानसुमान, सर्व मागे टाकून निघावे लागले. अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० लोकांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. चुली, भांडी, ओव्हन तेथेच राहिले. हातांत मुरलेले कसब आणि एकमेकांचा जीव मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही. इस्राएलाचे लोक मिसरातून निघाले, तेव्हा त्यांनीही मळलेली कणीक फुगण्यापूर्वीच परातींसह कापडात बांधून खांद्यावर घेतली होती. आखातातील नोकरी आज ना उद्या संपते आणि नोकरीबरोबर तेथील वास्तव्यही संपते. परत येताना मुलांच्या खांद्यावर काय बांधून द्यावयाचे, याचा विचार आजच करावयास हवा.

प्रभूने देवाच्या राज्याला उपमा दिली, ती पिठात खमीर कालविणाऱ्या एका बाईची. तिने तीन मापे पीठ घेतले होते. ते आजच्या मापाने सुमारे ४० लिटर भरते. शंभर माणसे जेवून उठतील एवढे! ती बाई केवळ आपल्या घरच्यांसाठी पीठ मळीत नव्हती, हे उघड आहे. आणि खमीर कोणत्या देशाच्या पिठात पडले, हे कधी विचारीत नाही. जेथे पडेल, तेथे ते काम करते. परमुलखातील आमच्या भगिनींनो, तुमच्या पराती थोड्या मोठ्या असोत आणि पीठ मळणारे हात पुष्कळ असोत. पवित्र कुटुंबाची कृपा तुमच्या बिऱ्हाडावर राहो.