नऊ आकड्यांची ओळख

शुक्रवारी सकाळी शब्बाथच्या स्वयंपाकाची घाई चाललेली असता अश्दोद येथील आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध भगिनींस फोन आला. बोलणारा अदबशीर होता. आपण बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतो असे सांगून त्याने बाईंचा मिस्पार जेहूत, जन्मतारीख व पत्ता बिनचूक म्हणून दाखविला. ‘तुमच्या खात्यातून कोणी पैसे काढीत आहे, ते थांबविण्यास आता मोबाइलवर येतील ते सहा आकडे मला सांगा,’ असे तो म्हणाला. बाईंनी सांगितले. शब्बाथनंतर चौकशी करता चार हजार शेकेल गेलेले आढळले.

‘त्याला माझा नंबर ठाऊक होता. बँकेच्या माणसाशिवाय तो कोणाला ठाऊक असणार?’ असे बाई आम्हांस विचारीत होत्या.

वाचक बंधुभगिनींनो, तो पुष्कळांना ठाऊक आहे. 2006 साली कल्याण मंत्रालयाच्या कामावरील एका कंत्राटी नोकराने साऱ्या देशाची लोकसंख्या-नोंदवही चोरली आणि पुढे ती इंटरनेटवर पसरली. 2011 साली आरोपींना अटक झाली तेव्हा नव्वद लाखांहून अधिक जिवंत व मृत व्यक्तींची माहिती बाहेर गेल्याचे उघड झाले. नाव, पत्ता, जन्मतारीख, नाती सर्व तीत होते. आरोपी सापडले, परंतु माहिती परत येत नाही. तेव्हा जो तुमचा क्रमांक सांगतो तो सरकारी अथवा बँकेचा माणूस आहे, असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

ओळख पटविण्यास कोठे कोठे आईचे माहेरचे आडनाव विचारतात. ‘कर’ लावून गावाचे नाव सांगणाऱ्या आमच्या समाजात हे गुपित कधी होते? मलिद्याच्या ताटाभोवती बसलेले कोणीही सांगेल!

गुपित राहतात ते केवळ मोबाइलवर येणारे आकडे. ते कोणासही, अगदी बँकेच्या नावानेही, सांगू नयेत. फोन ठेवावा आणि कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. आकडे सांगून बसला असाल तर लाजू नका. त्याच क्षणी कार्ड व खाते बंद करवून घ्या, मग पोलिसांत तक्रार करा. बाईंनी लाजेपायी दोन दिवस मुलालाही सांगितले नाही, याचे आम्हांस अधिक वाईट वाटले.

फोनवरून गळ्यात मारलेल्या वस्तूंविषयी मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे. विक्रेत्याशी बोलून असा दूरचा सौदा झाला असेल, तर पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांस, अपंगांस आणि तेऊदात ओले मिळून पाच वर्षे न झालेल्यांस तो रद्द करण्यास चार महिने मिळतात. इतरांस चौदा दिवस. नाशवंत मालासारखे काही अपवाद आहेत. रद्द करण्याचे पत्र लेखी द्यावे व प्रत जपावी. हिब्रू लिहिता येत नसेल तर नातवंडांना बसवावे.

परवा बाईंना पुन्हा तसाच फोन आला. ‘चुलीवर कालवण आहे, मीच बँकेला फोन करते,’ म्हणून त्यांनी तो ठेवला. बँकेतून कोणीच फोन केलेला नव्हता.