परवान्यापुरती फेरारी

फेरारी एफ४० आज सर्वाधिक धावते ती रस्त्यावर नव्हे, व्हिडिओ गेमच्या पडद्यावर. १९८७ ते १९९२ या काळात मारानेल्लोच्या कारखान्यातून अशा साधारण १३०० गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या बऱ्याच आता संग्राहकांच्या गॅरेजांत कापडाखाली झाकलेल्या असतात. लिलावात बोली वीस लाख डॉलरच्या पुढे जाते आणि गाडी जितकी कमी धावलेली, तितकी तिची किंमत चढी. धावण्यासाठी घडवलेल्या यंत्राला न धावल्याबद्दल मिळालेले हे बक्षीस! उलट ज्यांच्या सात पिढ्यांना ती परवडणार नाही, अशी जगभरातली पोरे रोज रात्री तिला घाटावळणांवरून पिटाळत असतात. पण हा आनंदही बिनशर्त नाही. पडद्यावरची फेरारी कराराची मुदत असेपर्यंतच आपली असते.

मुळात एफ४० ही जपून ठेवण्याची वस्तू म्हणून जन्माला आलीच नव्हती. कंपनीच्या चाळिशीनिमित्त आलेली ही गाडी एन्झो फेरारी यांनी स्वतः पसंतीची मोहोर उमटवलेली शेवटची. ऑगस्ट १९८८ मध्ये ते गेले. २८८ जीटीओ या गाडीची शर्यतीसाठीची सुधारित आवृत्ती तयार होत असतानाच, १९८६ मध्ये अपघातांमुळे ‘ग्रुप बी’ स्पर्धांचा गाशा गुंडाळला गेला. त्या वाया जाऊ पाहणाऱ्या कामातून एफ४० उभी राहिली. चालकाच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले २.९ लिटरचे व्ही-८ इंजिन, त्याला दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती आणि ताशी ३२४ किलोमीटरचा कमाल वेग. कार्बन फायबर आणि केव्हलार वापरून अंग हलके ठेवलेले. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला मुठीऐवजी नुसती दोरी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला कसलीही मदत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की आधी क्षणभर काहीच घडत नाही. मग टर्बो भरतात आणि पाठीत लाथ बसते. ती कधी बसणार हे ज्याला कळले, त्याला एफ४० कळली. बाकीच्यांची गाडी वळणावर गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करते.

गाडीचा हा स्वभाव संग्रहालयात दिसत नाही. तिथे दिसतो तो देह. पिनिनफरीनाने रेखलेला तो मागचा उंच पंख, इंजिनावरचे खाचांचे पारदर्शक झाकण, लाल रंग. पाहून डोळे निवतात, पण टर्बोचा तो विलंब काचेपलीकडून कसा कळणार? तो कळतो पडद्यावरच्या खेळात. १९८९ च्या ‘द ड्युएल: टेस्ट ड्राइव्ह २’मध्ये एफ४० पोर्शे ९५९ शी भिडली, तेव्हा ती मोजक्या रंगांतली ठोकळेबाज आकृती होती. पोलिसांना चुकवत डोंगरातून गाडी काढायची, एवढाच मामला. २००३ च्या ‘आउटरन २’मध्ये ती समुद्रकाठाने ऐटीत घसरत धावली. ‘ग्रान तुरिस्मो’ या प्रतिष्ठित मालिकेत मात्र पहिली दहा वर्षे एकही फेरारी नव्हती. ‘असेत्तो कोर्सा’ हा रोमजवळच्या वालेलुंगा सर्किटवर काम करणाऱ्या कुनोस या इटालियन चमूचा खेळ. त्यात चालकाला मिळणाऱ्या सगळ्या मदती बंद करून एफ४० हाती घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना घाई केलीत तर गाडी तुम्हाला माफ करत नाही. खऱ्या गाडीत बसल्यावर पोटात उठणारा गोळा इथे उठत नाही, हे मान्य. पण यंत्र कसे वागायचे याची नोंद इथे चालत्या रूपात सापडते, आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

एवढी मोलाची नोंद टिकते मात्र परवान्याच्या कागदावर. १९८६ च्या मूळ ‘आउटरन’मधली गाडी उघडउघड फेरारी टेस्टारोसाची छबी होती आणि तिच्यासाठी परवाना घेतलेला नव्हता. त्यामुळे पुढे तो खेळ नव्याने आला तेव्हा गाडीचा चेहरामोहरा बदलावा लागला. २००९ चा ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ फेरारीचा रीतसर परवाना घेऊन निघाला. दोन-तीन वर्षांतच परवाना संपला आणि तो दुकानांतून नाहीसा झाला. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री भागीदारांबरोबरचे परवाने व करार संपत असल्याचे सांगून डिसेंबर २०२४ मध्ये थांबवली गेली. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्याकडे राहिला, नव्यांना दार बंद. ‘द क्रू’ या मोटार-खेळाच्या ग्राहकांना तेवढेही नशीब लाभले नाही. मार्च २०२४ अखेर युबिसॉफ्ट या कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेला खेळ सुरूच होईना. कारणांत पुन्हा परवान्यांचा उल्लेख होताच. नव्वदच्या दशकातली सीडी शाबूत असेल आणि चालवायला जुना संगणक असेल, तर ‘नीड फॉर स्पीड २’मधली फेरारी एफ५० आजही धावते. नियमाने पैसे भरणारा नवा ग्राहक मात्र जुन्या ग्राहकापेक्षा गरीब ठरतो. प्रगती म्हणतात ती हीच!

यावर मोटार कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. नाव आमचे, चिन्हातला घोडा आमचा, आकार आमचा. वापरायचा तर भाडे द्या. यात गैर काही नाही. आपले चिन्ह कोणत्या मालावर छापले जाते हे ठरवण्याचा फेरारीला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न आहे तो एकदा संमतीने तयार झालेल्या आणि विकल्या गेलेल्या कृतीचा. राजेश मापुसकर यांच्या ‘फेरारी की सवारी’त (२०१२) सचिन तेंडुलकरची लाल फेरारी मुंबईच्या रस्त्यांवरून धावली. उद्या कुठला करार संपला म्हणून तो चित्रपट लोकांच्या कपाटातून काढून न्यावा, असे कोणी सुचवले तर त्याला वेड्यात काढले जाईल. मग खेळालाच हा वेगळा न्याय का? खेळ म्हणजे पोरखेळ, त्यात जपण्यासारखे काय, ही जुनी अढी त्यामागे आहे. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून डिजिटल मालाच्या विक्रेत्यांना ग्राहक केवळ परवाना घेत आहे हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. युरोपात खेळ बंद पाडण्याविरुद्धच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अढी सुटू लागल्याची ही चिन्हे आहेत, पण आता मोटार कंपन्यांनीही पुढे यायला हवे.

खरे तर सर्वाधिक फायदा त्यांचाच आहे. १९८९ मध्ये कीबोर्डच्या बाणांवर एफ४० पळवणारी पोरे आता लिलावात हात वर करण्याच्या वयात आली आहेत. भिंतीवरच्या पोस्टरने आणि पडद्यावरच्या गाडीने त्यांच्या मनात जी ओढ पेरली, तिचे पीक आज मारानेल्लो कापते आहे. शिवाय या जाहिरातीचा खर्च फेरारीला पडत नाही, उलट परवान्याचे शुल्क मिळते. तेव्हा मागणी फार मोठी नाही. नवे खेळ, नव्या आवृत्त्या, नवे सौदे यांना मुदत खुशाल घाला. पण परवाना देतानाच करारात एक ओळ टाका: विकल्या गेलेल्या प्रतीतली गाडी विकत घेणाऱ्याकडे कायम राहील आणि संग्रहालयांना ती चालू स्थितीत जपता येईल. खेळ करणाऱ्यांनीही ही ओळ मिळाल्याशिवाय सही करू नये. १९९० मध्ये ज्याने एफ४० घरी नेली, त्याच्या दारात करार संपला म्हणून किल्ली मागायला कोणी आलेले नाही. साठ डॉलर मोजणाऱ्या ग्राहकालाही तेवढीच सभ्यता दाखवायला हरकत नसावी. निदान तो गाडी चालवतो तरी.