ठिगळ कीं तपासणी?

एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी, किंवा तिच्यावर नवा रंग चढवावा, असे दोनच मार्ग बहुधा लोकांस सुचतात. आमच्या मतें तिसरा मार्ग अधिक चांगला. तो म्हणजे ती नेमकी कोठें थकली आहे याचा प्रथम शोध घेणें.

दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकांचेंच उदाहरण घेऊं. ‘सी. आय. डी.’ ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आमच्या वर्गांत सांपडणें कठीण. १९९८ सालीं सुरू झालेली ही मालिका २०१८ सालीं थांबली व २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हां सुरू झाली. श्री. शिवाजी साटम यांचा ए. सी. पी. प्रद्युम्न आणि लाथ मारून दार उघडणारा दया हे इतके ओळखीचे झाले आहेत कीं, गुन्हा कोणीं केला हें मुलें अर्ध्यावरच सांगूं लागतात. २००४ सालीं याच मालिकेनें १११ मिनिटांचा एक भाग मध्यें न थांबतां एका दमांत चित्रित करून विक्रम केला. तें कौशल्य खरोखर मोठें. परंतु अशा पराक्रमानें लोक एक दिवस चकित होतात, आठवड्याचा कंटाळा त्यानें जात नाहीं.

‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेची गोष्ट निराळी. २०१६ सालीं ती कोंकणांतील अण्णा नाईकांच्या मृत्यूनें सुरू झाली. मेलेल्या मनुष्याची कथा ती पुढें किती लांबणार? परंतु २०१९ सालीं दुसरा भाग आला तेव्हां लेखकांनीं कथा मागें नेली व जिवंत अण्णा दाखविले. अण्णांच्या पश्चात् वाड्यांत काय घडलें, हा जुना प्रश्न. अण्णांनीं जिवंतपणीं काय केलें, हा नवा. येथें रंग बदलला नाहीं, प्रश्न बदलला. खरें नूतनीकरण तें हेंच.

आतां आमची स्वतःची फजिती सांगतों. वर्गाच्या वाचनालयाकरितां आम्हीं व दहावीच्या कांहीं मुलांनीं एक संकेतस्थळ रचिलें. तिकडे कोणी फिरकेना, तेव्हां नवीं चित्रें घालण्याचा बेत ठरला. एक मुलगी म्हणाली, “सर, आधीं तपासून तर पाहूं.” गूगलचें ‘लाइटहाउस’ हें साधन फुकट मिळतें, तें वेग, सुलभता इत्यादि बाबींस १०० पैकीं गुण देतें. आमच्या वेगास ३८ गुण मिळाले! आम्हीं प्रचंड छायाचित्रें जशींच्या तशीं चढविलीं होतीं. साध्या मोबाइलवर पान उघडतां उघडत नव्हतें. ‘वेव्ह’ या दुसऱ्या मोफत साधनानें दाखविलें कीं, चित्रांखालीं वर्णनच नाहीं. मग अंधांसाठीं पान वाचून दाखविणारें यंत्र तेथें वाचणार काय? म्हणजे जीं चित्रें वाढविण्यास आम्ही निघालों होतों, तींच रोगाचें मूळ होतीं.

चित्रें लहान केलीं, वर्णनें लिहिलीं. गुण ९१ झाले. आम्ही हर्षभरित झालों. इतक्यांत एका विद्यार्थ्याची आजी म्हणाली, “गुरुजी, पान झटकन उघडतें हो, पण मला हवें तें पुस्तक कांहीं सांपडत नाहीं.” यादी लेखकांच्या नांवांनुसार नव्हती, तर पुस्तकें ज्या क्रमानें विकत घेतलीं त्या क्रमानें होती! ही चूक कोणत्याही साधनानें सांगितली नव्हती. ती वापरणाऱ्या माणसानेंच सांगितली.

सुज्ञ पालकहो, प्रगतिपत्रकही असेंच एक साधन आहे. गुण कमी दिसतांच नवी शिकवणी लावणें, नवीं मार्गदर्शकें आणणें, हें ठिगळ होय. मूल कोठें अडलें, हें त्यासच जवळ बसवून विचारावें. आणि ९१ गुण मिळाले तरीही विचारावें. कारण गुण पुष्कळ असूनही हवें तें पुस्तक न सांपडण्याची अवस्था मुलांचीही होते.

आम्हां शिक्षकांसही यांतून सुटका नाहीं. त्याच त्या टिपणांवरून वर्षानुवर्षें शिकविलेला धडा हीही एक थकलेली मालिकाच. तो कोठें कंटाळवाणा होतो, हें मागच्या बांकावरील विद्यार्थ्यांस पक्कें ठाऊक असतें. विद्यार्थी मित्रांनो, या वर्षीं आम्ही तुम्हांस तें विचारणार आहों, निर्भयपणें सांगा.